पेटीशेजारची जागा

नवऱ्याच्या शेजारी यापुढे आपणच उभं राहायचं, असं ग्लाफिरानं ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

तिचा नवरा वेनियामिन एका सोव्हिएत कारखान्यात रेडिओ जुळवायचा. त्यानं घरी तारा-बिरा जोडून एक पेटी केली होती. तेर्मेनवोक्स तिचं नाव. हिला हात लावायचाच नाही. तिच्या दांडीसमोर हवेत हात हलवले की ही गाते. (लग्नानंतर वेनियामिननं ग्लाफिरासाठी कधी हवेतसुद्धा हात हलवला नव्हता.) पण पेटीचा स्वभाव विचित्र. कारखान्याच्या क्लबात निवेदन करणारी, वरच्या मजल्यावरची रिम्मा शेजारी उभी असली की मधुर गायची. ग्लाफिरा सुपाचं पातेलं घेऊन जवळून गेली, की शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळायची.

"बघ, तिलासुद्धा कळतं!"

"काय कळतं?"

"या घरात कोण हवंय आणि कोण नकोय ते."

"अगं, जवळ कोण उभं आहे त्यावर सूर बदलतो. मी रिम्माला उभी करून सूर लावलाय."

"लावलास ना तिच्याशी सूर? आलं ना शेवटी ओठांवर?"

फडताळातल्या बशांमागे संत निकोलायची तसबीर लपवलेली होती. ग्लाफिरानं ती काढली, दिवा लावला आणि नवस बोलली: ईस्टरपर्यंत चहाबरोबर मुरंबा खाणार नाही, पण नवऱ्याशेजारची जागा मला मिळू दे. (रिम्माबद्दल वाईट काही बोलली नाही. तिच्या बुटांच्या टाचा फार उंच असतात, एवढंच संतांच्या कानावर घातलं.)

"आता मला उभी करून सूर लाव," ती नवऱ्याला म्हणाली.

"जमेल? बोटसुद्धा हलवायचं नाही हं."

"तुझ्या आईसमोर इतकी वर्षं हलले का मी?"

पेटीच्या कार्यक्रमाला क्लब गच्च भरला. पहिल्या रांगेत पक्षाचे सचिव. ग्लाफिरा निळा झगा घालून समोवारसारखी ताठ उभी. पेटी अशी गायली, की तिचे डोळे भरून आले. सवयीनं हात क्रूसाची खूण करायला कपाळाकडे गेला.

"ऊंऽऽ!" पेटी ओरडली.

क्रूस अर्धवट सोडणं म्हणजे पाप. हात पोटाकडे आला, पेटी गुरगुरली. उजवा खांदा, डावा खांदा. दोन चीत्कार. वेनियामिन पांढराफटक. देवाचं नाव घ्यायची जिथं चोरी, तिथं बायकोनं सचिवांच्या नाकासमोर लाउडस्पीकरवरून प्रार्थना केली होती!

सचिव उठले.

"वा! याला म्हणतात आधुनिक संगीत! बाई, ते शेवटचं पुन्हा होऊ द्या!"

ग्लाफिरानं टाळ्यांच्या कडकडाटात पुन्हा क्रूस काढला. मग आणखी एकदा. सचिवांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की उन्हाळाभर जिल्ह्यातल्या प्रत्येक सामूहिक शेतावर ही जोडी जाणार. "आणि बाई हव्यातच!"

ग्लाफिराला आभाळ ठेंगणं झालं. आता रिम्माचा जळफळाट तेवढा बघायचा राहिला होता. तोच रिम्मा धावत आली आणि तिच्या गळ्यातच पडली.

"ताई, सोडवलंत हो मला! दोन महिने खांबासारखी उभी करून ठेवली होती तुमच्या नवऱ्यानं. नाक खाजवायची सोय नाही!" तिनं पर्समधून एक चपटी झालेली ट्यूब काढून ग्लाफिराच्या हातात कोंबली. "हे घ्या, गुडघ्यांचं मलम. उन्हाळ्याला पुरायचं नाही, आणखी आणून ठेवा."