आतलं सगळं जातं

शालूची गाणी गेली हे मला सोमवारी सकाळी चहा पिताना कळलं. शालू माझी बायको. ती श्रावणात गेली, तेव्हा मी दवाखान्यात शेजारीच बसलो होतो.

"बाबा, आईची गाणी कुठं हायत?" नवा टॅबलेट हातात घेऊन हेमालीने विचारलं.

"आत हायत."

"आत एक घड्याळ आन पत्त्यांचा खेळ हाय!"

हेमाली आमची मुलगी. तिची हळद गुरुवारी! तिच्यासाठी शालूने दोन वर्षं आमच्या दांडी गावातल्या म्हाताऱ्यांकडून हळदीची गाणी गोळा केली आणि एका बोटाने लॅपटॉपवर उतरवली. पण त्या लॅपटॉपचं झाकण विटेला टेकवावं लागे आणि वायर काढली की तो मरे. मंडपात कसा चालणार? म्हणून मी नवा घ्यायचं ठरवलं. मला कोण फसवणार? एकतीस वर्षं बोईसरच्या कारखान्यात वजनकाट्यावर होतो. वस्तू हातात आली की वजन सांगतो, पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे!

शनिवारी पालघरच्या दुकानात कुशलशेठने चार नग मांडले.

पहिला दांडगा. अडीच किलो! "काका, ताकदीचा आहे."

"बाया गातील की मांड्या चोळत बसतील?"

दुसरा पापडासारखा पातळ, किलोच्या आत. पण कळांच्या फटीत हळद गेली की संपला. तिसऱ्याचं झाकण पार मागे वळून तंबूसारखं उभं राहायचं. हळदीच्या नाचात त्याला लाथ बसणार हे नक्की! चौथा टॅबलेट. नुसती पाटी, अर्धा किलो. विड्याच्या ताटासारखा हातोहात फिरेल, हळद लागली तर पुसता येईल. ठरलं!

"जुना द्या, सूट घ्या," कुशलशेठ म्हणाला.

"यातलं सगळं जातं ना?" मी विचारलं.

"सगळं जातं, काका! एक अक्षर मागे राहत नाही."

मी खूश होऊन जुना देऊन आलो.

सोमवारी स्कूटर हाणत परत त्याच्यापुढे उभा राहिलो.

"अहो, तुम्हीच विचारलंत, सगळं जातं ना?" कुशलशेठ म्हणाला.

"नव्यात जातं का, असं विचारलं!"

"मी म्हटलं, पुसलं जातं! लोकांना तीच काळजी असते हो, खासगी फोटोंची!"

"पुसलं?"

"काल बोईसरच्या गोदामात पाठवला. आज पुसायला घेतील." त्याने फोन लावला. कोणी उचलेना.

बोईसर कसं गाठलं ते मला विचारू नका. गोदामात लांब टेबलावर साठेक लॅपटॉप, आणि टोकाला एक माणूस एकेक पुसायच्या मशीनला लावत होता.

"रुको!"

"कौनसा है, चाचा?"

"काला!"

"सब काले हैं."

आता एकतीस वर्षांची विद्या! शालूचा दोन किलो चारशे. मी एकेक उचलत सुटलो. "हाच!" म्हणून एक छातीशी धरला, तर त्याचं झाकण धडधाकट. दुसरा "हाच!" उघडला, तर त्यावर कुठल्याशा क्लासचं नाव. तोवर हात दमले, आणि दमलेल्या हाताला सगळंच दोन किलो चारशे लागतं! टोकाला मशीन घरघरत होतं.

"चाचा, एक पीस बाहर रखा है," तो माणूस म्हणाला. "मछली का बास मारता है. कोई हाथ नहीं लगाता."

"वोईच! वोईच हमारा!"

शालू वाळत घातलेले बोंबील उलटे करायची आणि तशाच हातांनी टाईप करायला बसायची. मी लॅपटॉपला नाक लावलं. तो माणूस दुसरीकडे बघत राहिला.

घरी वीट लावली, वायर जोडली. बावीस गाणी पुरी होती. तेविसावं, आई मुलीला हळद लावते तेव्हाचं, दोन ओळींवर थांबलं होतं. खाली शालूने लिहिलं होतं: "पुढचं नलूला विचारायचं."

नलू शालूची थोरली बहीण, आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. तेराव्याला तिने विचारलं, "दवाखान्यात न्यायला एवढा उशीर का केलास?" मी तिला नको ते बोललो. तेव्हापासून बोलणं नाही.

"मी जाऊ का, बाबा?" हेमाली म्हणाली.

"नको. मीच जातो."

"कदी?"

"जातो गं!"

आज बुधवार. बावीस गाणी टॅबलेटमध्ये घेतली. नलूकडे मी अजून गेलेलो नाही.