वसंत पंचमीस माहिती केंद्राची खोली राखिली त्याची हकीकत

॥ श्री नर्मदामाई प्रसन्न ॥

समस्त थोर-धाकुटे, बाया-बापे यांस विदित व्हावे जे, राज्यांची वाटणी होऊन मराठी मुलूख वेगळा जाहला, तरी जबलपुरी जी मराठी घरे पूर्वापार होती ती तेथेच राहिली, आणि त्यांच्या लेकीबाळींनी पुढे जे पराक्रम केले ते कोणी लिहून ठेविले नाहीत. सबब त्यांतील एक, जो तलवारीवाचून आणि आवाज न चढविता जाहला, तो यथामति लिहिला असे.

ऐसियास, नर्मदेअलीकडे एक विद्यापीठ, आणि त्याच्या मागील अंगास एक खोली, पूर्वी मोडकी बाके टाकावयाची. ती खोली विनता नामे प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, हिने अर्जांवर अर्ज करून मागून घेतली आणि तेथे लैंगिक आरोग्य माहिती केंद्र स्थापिले. काय निमित्त म्हणाल तर, तिच्या वर्गातील सोबतीण, पनागर गावची, वसतिगृहात राहणारी, अंगावरून पांढरे जाण्याचे दुखणे लाजेने कोणास सांगेना, आणि 'गुप्त रोग, शर्तिया इलाज' ऐशी ज्याची कीर्ती शहरच्या भिंतोभिंती रंगविलेली, त्या हकिमाकडे छपून गेली, आणि मग त्याच्या पुड्यांनी दुखणे दुणावले, आणि ती शिक्षण सोडून घरी गेली ती परतली नाही. तेव्हा विनतेने पण केला की, येथे जी कोणी विचारायला येईल तिला उत्तर मिळेल, कोणी हसणार नाही, आणि तिचे बोलणे पडद्याबाहेर जाणार नाही.

फौज म्हणाल तर थोडकी. कांचघर मोहल्ल्यातली मीरा, जिभेची तिखट; आणि डॉक्टर शैलजाबाई, ज्या आपला दवाखाना आटोपून गुरुवारी बिनपगारी हजर होत आणि पडद्याआड बसत. दारूगोळा म्हणाल तर पत्रके, शरीराचा एक तक्ता, निरोध नामे रबरी चिलखतांची पेटी, आणि चिलखत कैसे चढवावे ते दाखविण्यास ताजी केळी. परंतु शिकणारे कोणी येईनात, आणि विनतेचे उपास फार, आज सोमवार, मग संकष्टी, मग एकादशी. सबब केळी लढाईविनाच कामी आली.

न येण्याचे कारण ऐसे की, विद्यापीठाच्या रंगाऱ्याने अति इमानाने पाटी रंगविली, 'यौन स्वास्थ्य सूचना केंद्र', अक्षर एकेक हातभर, खाली बाण, आणि बाणाच्या ऐन समोर चहाची टपरी. त्या टपरीवर बिनकामाचे सरदार सकाळपासून चौकी धरून बसत, आणि कोणी मुलगी बाणाच्या रोखाने वळली की हाळी देत, "दीदी, तकलीफ़ क्या है? हमें बता दो!" मग मुलगी जणू वाट चुकली ऐसे दाखवून ग्रंथालयात जाई. त्या वर्षी ग्रंथालयात मुलींची गर्दी फार जाहली, आणि ग्रंथपालांचा त्याबद्दल सत्कारही जाहला.

हे वर्तमान कुलसचिव भय्यासाहेब यांचे कानी गेले. भय्यासाहेब माणूस नेक, घराणे भोसल्यांच्या चाकरीत आलेले, परंतु लैंगिक हा शब्द कागदावर दिसताच कागद पालथा घालीत. त्यांनी हुकूम सोडिला की, केंद्रात कोणी येत नाही, त्या अर्थी या विद्यापीठात तसले प्रश्नच नाहीत हे सिद्ध होते. सबब वसंत पंचमीस खोली खाली करून क्रीडा विभागास चटया ठेवण्यास द्यावी.

हुकूम वाचून विनता बहुत कष्टी जाहली. त्याच सांजेस आईसंगे संक्रांतीच्या हळदीकुंकवास गेली, तो पाहते तर आळीतल्या बाया एका दारातून आत जाऊन राहिल्या आहेत आणि बाहेर येऊन राहिल्या आहेत, आणि कोणी पुरुष विचारीत नाही की आत काय चालले आहे, कारण विचारायची कोणाची टाप नाही. आणि वाण म्हणून हाती जे पडेल ते बाई पदराखाली घेते, नको म्हणत नाही. मग विनतेच्या मनी लख्ख उजेड पडला.

दुसरे दिवशी खलबत भरले की, वसंत पंचमीस केंद्राच्या खोलीतच हळदीकुंकू करावे. मीरा म्हणाली, "आमच्या घरी हळदीकुंकू नाही होत. मी काहून येऊ?"

"कुंकू नको लावूस. वाण तर बांधशील?"

"आणि हॉस्टेलच्या पोरी? लग्न नाही झालं त्यांचं."

मग विनतेने फर्मान काढिले की, कुंकवाची सक्ती कोणास नाही, आणि वाण सर्वांस. लग्नाची, बिनलग्नाची, नवरा गेलेली, सर्वांस. वाण, म्हणजे केंद्राचे पत्रक आणि मागेल तिला निरोध, पडद्याआडच मिळेल, एकीला एका वेळी, डॉक्टरीणबाईंच्या हातून.

मग विनता दारोदार आमंत्रणे देत खुद्द शत्रूच्या गोटात, म्हणजे भय्यासाहेबांच्या बंगल्यावर गेली. त्यांच्या पत्नीस आमंत्रण दिले, तो भय्यासाहेबांच्या मातोश्री पार्वताबाई करंडा पाहताच रिवाजाप्रमाणे उठून आत निघाल्या. विनता मागून गेली.

"आजी, तुम्ही पण या."

"मी? मला कोण बोलावतं, बाळ? यांना जाऊन जमाना झाला."

"मी बोलावून राहिली ना, आजी."

पार्वताबाईंनी पदर सारखा केला.

वसंत पंचमी उजाडली. दारात रांगोळी निघाली, गुलाबदाणी भरली, तिळगुळाचे डबे आले, आणि दुपार कलताच मुली निघाल्या, पिवळ्या साड्या, पिवळ्या ओढण्या, आणि प्राध्यापकांच्या बायका, आणि सफाईवाल्या बाया, आणि टपरीवरील चौकीची एकच तारांबळ उडाली. एक सरदार ओरडला, "हल्दी है क्या? दूल्हा कौन है भैया?"

मीरा दारातूनच गरजली, "दूल्हे की अम्मा अंदर आ रही है, आवाज़ दूँ?"

सरदाराने वळून पाहिले, तो त्याची आई खरोखरच रांगेत उभी. मग त्याने चहा तसाच टाकून पोबारा केला आणि चौकी उठली.

इतक्यात भय्यासाहेब दोन शिपाई आणि चटयांचा हातगाडा घेऊन चालून आले. परंतु उंबरठ्याबाहेर चपलांचा ऐसा तट पडिला होता की पाऊल ठेवावयास जागा नाही, आणि आत बायकांचा मेळा, तेथे पुरुष शिरतो कैसा?

"विनता, हे काय चाललंय? खोली खाली करायची होती ना आज?"

"हळदीकुंकू चालू आहे, सर."

"संपू दे. थांबतो मी." म्हणून हातगाड्यावर बैठक मारिली. परंतु एक बाहेर पडे तो दोघी आत जात. आणि मग भय्यासाहेबांची नजर चपलांत एका जोडावर गेली, मऊ कापडी पट्ट्यांचा, जो त्यांनी स्वहस्ते आईसाठी आणिला होता.

"आई आहे आत? कुठे?"

"पडद्याआड."

"पडद्याआड कशाला? काय झालंय तिला?"

येथे विनतेचा जीव कासावीस जाहला. कारण इस्पितळाची सोय लावावयाची म्हणून, आजींस विचारून, शैलजाबाई तिजला मघाच कानात बोलल्या होत्या की आजींना इस्पितळ दाखवायला हवे, आज आल्या हे बरे झाले; आणि तेवढे एक वाक्य लेकास सांगितले असते तर तो जागीच विरघळला असता आणि खोली त्याच क्षणी वाचली असती. परंतु पण केलेला. विनता मान खाली घालून हळूच म्हणाली, "ते नाही सांगता येत, सर."

"मी मुलगा आहे तिचा!"

"हो सर. तरी नाही."

भय्यासाहेब क्रोधे लाल जाहले, आणि खिशातून कुलूप काढून शिपायाहाती दिले, आणि आज्ञा केली की शेवटची बाई बाहेर पडताच ठोकावे. मीरेने डोळे मिटून घेतले.

तो पडदा हलला आणि पार्वताबाई वाण पदराखाली धरून बाहेर आल्या, आणि दारातले सर्व त्यांच्या कानी पडलेच होते, म्हणून उंबरठ्याशी थांबल्या.

"भय्या, जे मी तुझ्या बाबांना नाही सांगितलं, तुला नाही, सुनेला नाही, ते आज त्या डॉक्टरीणबाईला सांगून आली. ती हसली नाही मला. अन् या पोरीनं तुलाही नाही सांगितलं, ऐकलं मी. आता तू कुलूप लाव, पण आधी मला सांग, गुरुवारी तिनं पुन्हा बोलावलंय, तर मी जाऊ कुठं?"

 मग भय्यासाहेबांनी वाकून चपलांच्या तटातून तो कापडी जोड शोधिला, आणि आईच्या पायांशी नीट लाविला, आणि शिपायांस म्हणाले, "चलो, गाड़ी वापस ले चलो." आणि जाता जाता पुढला हुकूम तोंडीच दिला की, पाटी तेथून काढावी, आणि नवे दार मागल्या अंगास, वसतिगृहाकडे पाडावे.

येणेप्रमाणे वसंत पंचमीस तिसरे प्रहरी खोली राखिली, चटया परत गेल्या, आणि उभय पक्षी कोणी जखमी न होता केंद्राचे निशाण कायम जाहले. कोण आले, काय बोलले, चपला कोठे होत्या, हे सर्व येथे नमूद केले असे. पार्वताबाई पडद्याआड काय बोलल्या ते नमूद नाही, ते कोणी विचारू नये.