पयले मेन बंद!

देवसिंग काकाजी माणसाला रामराम नंतर करतात, आधी त्याच्या मोबाइलला पालथा हात लावून बघतात. आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग मान हलवून म्हणतात, "ताप हाये याले. चार्जर कुठून घेतला? बाजारातून? फेक."

लग्नाच्या मांडवात त्यांची नजर नवरदेवावर नसते, डेकोरेशनवाल्याच्या वायरींवर असते. एकदा जेवणावरून दोन्हीकडचे पाहुणे हमरीतुमरीवर आले. काकाजी उठून गरजले, "पयले मेन बंद!" आणि खरंच जाऊन खटका पाडला. डीजे बंद झाला, आणि आपलंच ओरडणं आपल्याला ऐकू आल्यावर दोन्हीकडचे गपगुमान पंगतीला बसले. घरात दूध उतू गेलं, गोठ्यात बैल उधळला, तरी काकाजींचा पहिला हुकूम हाच.

हा माणूस बंजारा तांड्यावरून उठून थेट समुद्रावर गेला आणि उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होता. रिटायर होऊन परत आला तर पक्क्या घरात त्याला झोप लागेना. "जमीन हालतच नाई," ही तक्रार! शेवटी पत्र्याची नाव बांधून घेतली, तिच्यावर लाकडी खोली, छपरावर सोलर. धरणाचा फुगवटा माझ्या शेताच्या बांधाला लागतो, तिथल्या बाभळीला नाव बांधली आणि राहायलाच लागले. पुसदकडची माणसं मुद्दाम बघायला येतात.

शेजार म्हणून जाच मात्र मला. मोटरच्या खोपडीत बल्बची वायर मी बोर्डात आगकाड्या खोचून बसवली होती. आमच्याकडे सगळेच बसवतात. काकाजींनी काड्या उपसून माझ्या हातावर ठेवल्या.

"गजू, आग लावाचीच हाये तं सरळ पेटव नं. अशी लपूनछपून काहून लावतं?"

त्यांच्या नावेत दोन बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ. त्यांच्या राखणीला फ्यूज, मेन स्विच, धुराचा भोंगा, लाल सिलिंडर आणि वाळूची बादली. मी म्हटलं, "काकाजी, चहूकडून धरण असून वाळू?"

"करंटच्या आगीवर पानी मारशीन? मंग मले शोधाले धरनात उतरजो." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "घराले आग लागली तं मानूस बाहेर पळते गजू. नावंत बाहेर म्हंजे काय? पानीच नं?"

भोंगा इतका तिखट की मिरचीच्या फोडणीलाही बोंबलतो. एकदा मी तिथे भजी तळायला घेतली. भोंगा वाजला, बगळे उडाले, आणि कढईसकट मी काठावर आलो.

पण सगळ्यात कडक नियम बॅटरीचा. ती खोलीतच पाटाखाली होती, म्हणून आत येणाऱ्याने घड्याळ, अंगठी, कडं, साखळी काढून डब्यात ठेवायची. जहाजावर त्यांच्या सोबत्याचं कडं बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकलं होतं. ठिणगी उडाली आणि त्याचा हात मनगटापासून भाजला. काकाजी हे सांगताना अजूनही स्वतःचं मनगट चोळतात. सरपंचांची अंगठी बोटातून निघेना, तर त्यांना चहा काठावर, शेताच्या धुऱ्यावर बसून प्यावा लागला.

आणि या नियमात काकूच अडकल्या.

काकू जुन्या वळणाच्या. कानांशेजारी लोंबणारी चांदीची घुगरी, दंडापर्यंत चुडा, पायांत वाळे. तांड्यावरून रोज डबा घेऊन यायच्या. काकाजी खाली उतरायचे, दोघं बाभळीखाली बसायचे, आणि रोज तेच बोलणं व्हायचं.

"हे काढून ठेव, मंग वर चाल."

"नाई काढत."

रिकामा डबा घेऊन काकू निघाल्या की काकाजी नावेच्या खिडकीतून तांड्याच्या वाटेकडे बघत राहायचे. खिडकी त्यांनी त्याच बाजूला काढली होती. आत खाटा दोन होत्या. एकीवर कोणी झोपत नसे, तरी तिची चादर ते रोज झटकत. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. उभं आयुष्य लांब काढलं, आता हाकेच्या अंतरावर येऊन हा माणूस एका नियमापायी एकटा राहतो म्हणजे काय?

मागच्या हिवाळ्यात मी पाणी द्यायला आलो तर नावेमागे चार प्लास्टिकच्या ड्रमांचा एक तराफा तरंगत होता. त्यावर झाकणाची, कुलपाची पेटी, आणि पेटीतून नावेकडे गेलेली जाड वायर.

"हे काय काकाजी?"

"बॅटरीले वेगळं काढलं," ते म्हणाले. "एका घरात जमत नोतं तिचं."

दुपारी काकू आल्या. काकाजी नावेतून काठाला टाकलेल्या फळीवर उभे राहून सांगू लागले, की आता काही काढायची गरज नाही, फ्यूज पेटीतच आहे, वायरीवर नळी चढवली आहे, फक्त पेटीला हात लावायचा नाही, आणि...

"तुमी समुद्रावर होते," काकूंनी मधेच तोडलं, "तवा वादळाची बातमी आली की मी या घुगरीले हात लावून बसो. हे अंगावर हाये तवरी तुमाले काई होत नाई, असं माहं मन सांगे. ते मी कशी काढू? आन दोन वर्सं झाले, तुमी मले नियमच सांगून राह्यले. 'ये' म्हनून एक डाव तरी म्हटलं काय?"

काकाजींनी हात पुढे केला आणि त्यांच्या गोर बोलीत एवढंच म्हणाले, "आव."

काकू चढल्या. नाव एका अंगाला कलली, घुगरी, चुडा, वाळे सगळं एकदम वाजलं, आणि काकाजींनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं.

त्या दिवशी डबा पहिल्यांदा नावेत उघडला. मी रोजच्यासारखा भाकरीला कांदा मागायला निघालो होतो. बाभळीपाशी थांबलो आणि परत फिरून कोरडीच भाकर खाल्ली.