गिऱ्हाइकाची खुर्ची

न्हावीकाकांना अर्धांगाचा झटका येऊन दवाखान्यात तिसरा दिवस होता. उजवी बाजू लुळी, जीभ जड; हट्ट तेवढा शाबूत. व्यायामवाल्या बाई सकाळपासून विनवत होत्या, "काका, लवकर हालचाल केलेली बरी. खाटेवरून या खुर्चीत बसायचं, बस."

"ना-ही. खुर्ची गि-ऱ्हाइकाची."

"जन्म दुकानात गेला, पण खुर्चीत कधी टेकले नाहीत हो. चहासुद्धा उभ्यानंच," काकू हळूच म्हणाल्या. आवाज शांत होता, मनात मात्र एकच धास्ती. हा माणूस असाच पडून राहिला तर?

शेवटी दमून बाईच खुर्चीत बसल्या, काकांकडे पाठ करून. तिथेच घोळ झाला. घाईत पाडलेला त्यांचा भांग वाकडा होता. काकांची नजर त्यावर खिळली. डाव्या हातानं उशाजवळचा कंगवा उचलला, पाय खाटेवरून खाली आले.

"अहो, काय करताय हे?" काकूंनी धावत जाऊन कमरेला मिठी घातली. तोवर काका उभे. बाई दचकून उठू लागल्या.

"ह-लू नका."

बाईंनी मान न हलवता हात मागे नेला आणि काकांचा डळमळता गुडघा चाचपून घट्ट धरला. भांग सरळ झाला.

समोरच्या खाटेवरचे मास्तर आठवडाभर "उद्या बघू" म्हणत पडून होते. ते काठी टेकत आले. "माझी दाढी पण उरकून टाका."

"वस्तरा मिळायचा नाही," बाई म्हणाल्या.

"मग नुसतं विंचरा."

मास्तरांमागे त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे पोस्टमन, पोस्टमनमागे पलीकडचे आजोबा. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर बाई काकांना खाटेच्या कडेला टेकवत, दम घेऊ देत. मोठे डॉक्टर फेरीला आले, तर खाटा रिकाम्या.

"पेशंट कुठे गेले?"

"दुकानात," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी रांग पाहिली, हसू दाबलं. "आज पुरे. दमवू नका त्यांना."

काकांनी त्यांच्या कल्ल्यांवरून नजर फिरवली. "तु-म्ही उद्या या."

गिऱ्हाइकं पांगली. काका काकूंच्या आधारानं वळले आणि थकून आपसूक खुर्चीत बसले. काकूंनी कंगवा घेतला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि त्यांचा भांग पाडला.

काकांनी खिडकीच्या काचेत पाहिलं. "वा-कडा."

"असू दे," काकू म्हणाल्या. "उद्या उठाल तेव्हा करा सरळ."