पुरे म्हणणाऱ्यांनी काम सोडलं

भूपाल मगदूमच्या डोक्यातले डोपामिनचे दोन नंबरचे ग्राही मंगळवारी सकाळी काम सोडून बाहेर पडले आणि गावच्या पारावर जाऊन बसले.

त्याच्या बायकोला, त्रिशलाला, ही बातमी शेजारणीकडून कळली. तिचा पहिला संताप त्याचाच. घरातलं माणूस निम्मं रिकामं होतं आणि घरच्या बाईला ते गावाच्या मागून कळतं, ही कुठली रीत?

भूपाल तासगावहून दिल्लीला द्राक्षांची गाडी न्यायचा. पूर्वी जोडीला दुसरा ड्रायव्हर असे. खराडेशेठनं तो बंद केला आणि त्याच्या जागी चहाबरोबर एक पांढरी गोळी सुरू केली. गोळी पोटात गेली की झोप जवळ फिरकत नसे.

ग्राही म्हणजे मेंदूतले दारवान. ते डोपामिन नावाच्या रसायनाला दार उघडतात आणि माणसाला काय ते सांगतात. एक नंबरचे ‘चल’ म्हणतात, दोन नंबरचे ‘पुरे’ म्हणतात. दोघांचं पटतं तोवर माणूस शहाण्यासारखा वागतो. त्या दिवशी भूपाल अंगणात गाडीचं एकच चाक धूत होता. ते केव्हाच लख्ख झालं होतं. बाळंतपणाला आलेल्या लेकीनं तान्हं बाळ त्याच्यापुढं धरलं. त्यानं बघितलं, “हां” म्हणाला आणि परत चाकाला हात घातला. लेक आत जाऊन रडली. त्रिशलानं पायात चप्पल घातली आणि ती थेट पारावर गेली.

ग्राही भिजवलेल्या मटकीएवढे होते आणि रांगेनं शिस्तीत बसले होते.

“भरल्या घरातनं उठून आलायसा, लाज न्हाई वाटत?” ती कडाडली.

त्यांच्यातला एक वडीलधारा उठून उभा राहिला. त्याचा घसा पार बसला होता. “वैनी, आमी कामचुकार न्हाई. पन गोळी आली की डोपामिनचा लोंढा येतोय. दार लावायला सवड मिळत न्हाई. आमी ‘पुरे, पुरे’ म्हनून घसा फोडायचा आनि त्या एक नंबरवाल्यांनी गाडी हानायची. ज्याचं कोन ऐकत न्हाई त्यानं बसून तरी काय करायचं?”

“गोळी बंद झाली तर?”

“तर आत्ता येतो. शेठनं चारचौघांत तसं म्हनावं.”

मागणी रास्त होती. त्रिशला खराडेशेठच्या शीतगृहात गेली. शेठनं सगळं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला.

“म्हंजे आता त्याच्या डोक्यात ‘पुरे’ म्हननारं कोनच न्हाई?”

“कोनच न्हाई.”

“मग ब्येस झालं की! दिल्लीपातुर थांबायचा न्हाई.” शेठनं लगेच मुकादमाला बोलावलं आणि यापुढं दोन नंबरवाले नसलेल्या ड्रायव्हरलाच आधी फेरी द्यायची, असं बजावलं. मग तो हमालांवर ओरडला, “अरे हळू! घडांला धक्का लागंल. त्यांला गार वाऱ्यात ठेवा.”

त्रिशलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. द्राक्षाच्या घडाखाली मऊ कागद, वर कागद, बाजूला गार वारा. आणि तिच्या नवऱ्याला गोळी! समोरचा चहा तसाच टाकून ती उठली.

पारावर येऊन ती म्हणाली, “शेठ बधत न्हाई. तुमी आमच्या ह्यांच्यात परत जात न्हाईसा, तर माझ्यात या.”

वडीलधारा संकोचला. “वैनी, तुमच्यात तुमचे हायती की.”

“हायती. पन लगीन झाल्यापास्नं त्यांनी एकदाबी तोंड उघडल्यालं न्हाई. जागा लई हाय.”

ग्राहींनी आपसांत विचार केला. हरकत घेण्यासारखं काही निघालं नाही. त्रिशलानं पदर मागं सारून कान पुढं केला आणि ते एकामागून एक आत गेले.

गाडी भरली तेव्हा ती भूपालशेजारी केबिनमध्ये चढून बसली. गोळ्यांची पट्टी तिनं निघतानाच गटारात टाकली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, धुळ्याच्या अलीकडं, भूपालचे डोळे मिटायला लागले तरी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काही वर येईना.

“पुरे,” त्रिशला म्हणाली.

आवाज तिचा एकटीचा नव्हता. भूपालनं गाडी कडुलिंबाखाली घेतली, किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि बसल्या जागी घोरायला लागला. तिनं त्याच्या मानेखाली आपली पिशवी सरकवली.

थोड्या वेळानं शेठचा फोन आला. “गाडी का थांबली? माल नासंल!”

“नासू दे,” त्रिशला म्हणाली. “मानूस नासत हुता तवा न्हाई फोन केलासा.”

“उठीव त्याला! दिल्लीत सौदा—”

“पुरे!”

शेठचा फोन स्पीकरवर होता. शीतगृहात पेट्या उचलणाऱ्या हमालांनी हातातल्या पेट्या होत्या तिथं ठेवल्या आणि सगळे खाली बसले.