कोरम भरू नये म्हणून

"बोलत बोलत झोपवू नकोस गं तिला," सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. "सवय लागली ना, तर मग तुला गप्प बसता यायचं नाही."

"लागू दे," असं म्हणून तिने तो सल्ला उडवून लावला होता. अंगाई म्हणायला गळा नव्हता आणि लेकीला, ठकीला, मांडीवर घेतलं की आपोआप बडबड सुरू व्हायची. गॅस बंद केला का, खिडकीची कडी लागली का, दाराखाली बोट चेंगरेल का. तिच्या सगळ्या काळज्या एका सुरात ऐकत ठकी पाचव्या मिनिटाला डोळे मिटायची. बोलणं थांबलं की मात्र उठायची, आणि अशी रडायची की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहायचे.

सोमवारपासून ती पुन्हा कामावर जाणार होती. ठकीला तळमजल्यावरच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. तिथे मावशी इमारतीतली लहान मुलं सांभाळत. सतरंजीवर लोळणारी, एकमेकांचे मोजे चावणारी पोरं, आणि दाराशी चपलांची इवलीशी रांग. सासूबाईंचे हात संधिवाताने आखडलेले, नवऱ्याची कामाची पाळी फिरती. ती खोली गेली तर नोकरीही गेली, इतका साधा हिशेब होता.

आणि नेमकी तीच खोली अध्यक्षांना जिमसाठी हवी होती.

इमारतीची समिती पाच जणांची. अध्यक्ष, त्यांचे मित्र वकीलसाहेब आणि पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर एका बाजूला. ती आणि शिंपीमामा दुसऱ्या बाजूला. तीन विरुद्ध दोन. पहिली सभा त्याच खोलीत भरली. अध्यक्ष मुलांच्या छोट्या स्टुलावर बसले होते, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"गुडघे गेलेत माझे," ते म्हणाले. "व्यायाम हवा. तीन हात वर, विषय संपला. बहुमत म्हणजे बहुमत."

"काका, मुलांनी जायचं कुठे?"

"ते मतदानानंतर बघू."

तिने कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं. त्याचा उपयोग आजवर फक्त नवऱ्याशी भांडताना झाला होता. पण या इमारतीचे नियम तिला पाठ होते. सभेला पाचांपैकी चार जण हवेत, नाहीतर कोरम नाही. तिने शिंपीमामांकडे पाहिलं. मामांनी कानामागची पेन्सिल खिशात टाकली. दोघं उठले आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसले.

"हा पळपुटेपणा आहे!" आतून अध्यक्ष ओरडले.

"नियमात बसतो, काका."

"हरलात तर गप हरायचं!"

"हरल्यावर हात खाली करायचा. पायांनी काय करायचं ते कुठे सांगितलंय?"

मामा हळूच म्हणाले, "पोरी, असं किती वेळा उठून जाणार आपण?"

"लागेल तेवढ्या वेळा."

पण अध्यक्षांनीही आयुष्यभर कचेरीत माणसं हाताळली होती. दोन दिवसांनी दारावर सूचना लागली : पुढची सभा शनिवारी संध्याकाळी, तिच्याच घरी. तिने ती दोनदा वाचली. स्वतःच्या घरातून, पाळण्यात मूल ठेवून, माणूस पळून जाणार कुठे?

शनिवारी सगळे आले. सासूबाईंनी चहा केला आणि "मी आधीच म्हटलं होतं" असा चेहरा करून त्या आतल्या खोलीत गेल्या. अध्यक्ष खुशीत होते. जिमची यंत्रं विकणारा माणूस फोनची वाट बघत होता. आज संध्याकाळी होकार गेला नाही, तर तो ती दुसऱ्या इमारतीला देणार होता.

"चला, हात वर..."

"एक मिनिट, मला बोलायचंय," ती ठकीला खांद्यावर घेऊन उभी राहिली. ठकी पेंगुळली होती.

सभासद उभा राहून बोलत असेल तोवर मतदान घ्यायचं नाही, हा नियम खुद्द अध्यक्षांनी केलेला. त्यांच्या भाषणात लोक मध्येच "मत घ्या, मत घ्या" म्हणायचे म्हणून.

"बोल. पण थोडक्यात."

तिने सुरुवात केली. ती खोली किती उजेडाची आहे, तिथले प्लग किती खाली आहेत, मावशींनी त्यांना कशा चिकटपट्ट्या लावल्या आहेत. बोलता बोलता ठकीची मान तिच्या खांद्यावर पडली. सगळं आटोक्यात सांगायचं असं तिने ठरवलं होतं. मुद्दे संपले, ती थांबली.

ठकीने डोळे उघडले. मग तोंड उघडलं.

"अहो, हिला काय झालं?" वकीलसाहेबांनी कान झाकले.

"मी बोलायची थांबले ना, म्हणून."

"मग बोल!" दातांच्या डॉक्टर कळवळून म्हणाल्या. "दिवसभर लोकांची रडणीच ऐकलीयेत मी. बोल बाई, काहीही बोल!"

"अहो, मतदान आहे!" अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून ठकी आणखी एक पट्टी वर गेली.

ती बोलू लागली. ठकी शांत झाली. तिने घोटभर पाण्यासाठी थांबून पाहिलं, पुन्हा तेच. आता तिची इच्छा असो वा नसो, सभा तिच्या ताब्यात होती. आतून सासूबाई खोकल्या. त्या खोकल्यात विजय होता.

"काही देशांत विधिमंडळातसुद्धा हरणारे सदस्य असेच बोलत राहतात," ती त्याच सुरात, ठकीची पाठ थोपटत म्हणाली. "विधेयक अडवायला. कोणी म्हणतं हा अडेलपणा आहे, कोणी म्हणतं हक्क आहे..."

"ते विधिमंडळ आहे, ही एका जिन्याची इमारत आहे!" अध्यक्ष कुजबुजत ओरडले.

"जिन्यातल्या माणसालाही ऐकून घेतलं पाहिजे ना, काका. आता गच्चीवरची पंपाची खोली घ्या. तिथली कडी आतून अडकते. मी तीनदा सांगितलंय..."

"कडीचं काय मध्येच?"

"एखादं मूल अडकलं म्हणजे?"

"मूल कशाला जातंय तिथे! काहीतरीच काळज्या तुझ्या."

अध्यक्षांच्या खिशातला फोन थरथरू लागला. यंत्रवाला. उचलून बोलावं तर ठकी उठणार. ते बोटांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हातांनी फोनला "थांब, थांब" म्हणत होते. फोनला ते दिसत नव्हतं.

काळज्या संपल्यावर ती त्या खोलीत कोण कोण येतं ते सांगू लागली. "मावशींचा डोळा लागतो दुपारी, पण तेव्हा आजी असतात ना. त्या रोज येतात. मुलांना मांडीवर घेतात, सशाच्या गोष्टी सांगतात. परवा तर मोठ्याने हसत होत्या."

"कुठल्या आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

ती पहिल्यांदाच अडखळली. ठकी हलली. "तुमच्या आई, डॉक्टर," तिने घाईने वाक्य पूर्ण केलं.

"माझी आई फिरायला जाते दुपारी."

"तुमचे बाबा गेल्यापासून घरात एकटीला बसवत नाही, म्हणाल्या. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या. पण आज माझ्याकडचं बोलणं संपलंय हो."

शिंपीमामांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी चहाचा रिकामा कप उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हसत होती?"

"खूप."

फोन थरथरायचा थांबला, तो पुन्हा वाजलाच नाही. मतदान राहूनच गेलं, आणि यंत्रं दुसऱ्या इमारतीला गेली.

सोमवारी ठकी खाली मावशींकडे गेली आणि ती कामावर. पुढच्या सभेला चित्र पालटलं होतं. ठराव होता : ती खोली कायमची मुलांचीच. डॉक्टर आता तिच्या बाजूला. वकीलसाहेब परगावी, म्हणजे चौघंच हजर. तीन विरुद्ध एक.

"थांबा, मला बोलायचंय," अध्यक्ष म्हणाले.

"काका, आता काय उरलंय बोलायला? तीन हात वर, विषय संपला. बहुमत म्हणजे..."

तिने जीभ चावली. मामा छताकडे बघू लागले.

"अल्पमताला काही हक्क आहेत की नाही?" अध्यक्ष कडाडले, आणि ताडकन उठून दाराबाहेर पडले. कोरम गेला. गुडघ्यांसाठी जिम हवी असलेला हा माणूस चार मजले दोन-दोन पायऱ्या गाळत चढला, गच्ची गाठली, पंपाच्या खोलीत शिरला आणि आतून कडी घातली. ती खट्ट आवाज करून बसली.

तिघं मागोमाग धावले. गच्चीच्या दाराशी पोचतात तोच आतून गर्जना झाली, "पुढे येऊ नका! चौघं एका जागी जमलो की सभा भरते!"

"काका, ती कडी अडकते हो! मी सांगितलं होतं!"

"मला बाहेर काढायचा डाव आहे!"

दोघांना खाली पाठवून ती एकटी गेली. "एकटी कशावरून? ते जिन्यात लपलेत!" तिने बाहेरूनच कडी सोडवायला घेतली, तर ते आतून दाराला पाठ लावून बसले. सासूबाईंनाही पाठवून झालं. "सदस्याच्या घरची माणसं चालणार नाहीत!"

"असू दे, फोडू दार," मामा म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचा हक्क आहे तो. मी जिन्यावर बसले तेव्हा मला कोणी ओढत आत नेलं नव्हतं. खोली मी सोडणार नाही, पण त्यांचं मत असं मानगूट धरून आणलेलं नको मला."

हे बोलली खरी. पण आता मघापासून वरून आवाज येत नाहीये. मनात नको नको ते येतंय, ठकी मांडीवर आहे, बोलणं थांबवता येत नाही, म्हणून ती तुमच्याशीच बोलतेय :

तुम्ही सभासद नाही. तुम्ही गेल्याने कोरम भरत नाही. जरा वर जाऊन बघता का? गच्चीच्या डाव्या बाजूची खोली. दार आधी आपल्याकडे ओढायचं, मग वर उचलायचं, कडी सुटते. पाणी न्या सोबत. आणि त्यांना सांगा, विरोधातच मत द्या काका, अगदी भाषण करून द्या, मी शेवटपर्यंत ऐकेन. पण आधी गुडघे ठीक आहेत ना, तेवढं सांगा.