टेबलाचं पुनर्वसन

“एका सुट्टीत घराचा विकास आराखडा मंजूर करून दाखवतो!” शनिवारी सकाळी त्याने जाहीर केलं.

भाजी चिरणाऱ्या बायकोने मानही वर केली नाही. नगररचना खात्यात केस पिकवलेल्या नवऱ्याने घरात आजवर एक खिळा सरळ ठोकला नव्हता. आराखड्याची धास्ती कशाला घ्यायची?

त्याची घाई मात्र खरी होती. खात्याने नवा नियम काढला होता: नगरनियोजकांच्या संघटनेचा जो सदस्य, त्यालाच नकाशावर सही करता येईल. तो सदस्य नव्हता. त्याच्या हाताखालचा, कालपरवा नोकरीला लागलेला चुणचुणीत गडी मात्र सदस्य होता. म्हणजे नकाशे याने काढायचे आणि सही त्याने ठोकायची! ही नाचक्की गिळण्यापेक्षा अर्ज बरा, म्हणून त्याने अर्ज केला. संघटनेची अट एकच होती. रहिवाशांना विचारून केलेला आणि प्रत्यक्षात उतरलेला एक तरी आराखडा दाखवा.

त्याने सगळी कारकीर्द उपसली. लोकांना विचारून केलेले आराखडे अमलात आले नव्हते आणि अमलात आलेले कोणाला विचारून केले नव्हते. मुलाखत रविवारी दुपारी. शेवटी उरलं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी आणि तीन रहिवासी: आई, बायको, मुलगी.

“मी यात तटस्थ,” त्याने तिघींना बजावलं. “नियोजकाला मत नसतं. निर्णय तुमचा.”

तटस्थ नियोजकाचा कच्चा आराखडा फ्रिजवर लागला. त्यात नियोजकाचं टेबल खिडकीपाशी जिथल्या तिथे होतं आणि आईचं शिलाई मशीन अंधाऱ्या बोळात गेलं होतं.

“हरकत तोंडी चालते का?” बायकोने विचारलं.

“छे! लेखीच!”

दुपारपर्यंत फ्रिज कागदांखाली दिसेनासा झाला. आईची हरकत, बोळात सुईत दोरा जात नाही. बायकोची हरकत, टेबलाचा कोपरा येताजाता कमरेत बसतो. त्यात शेजारणीचीही एक हरकत निघाली.

“ती इथली रहिवासी नाही!” तो ओरडला.

“मशीन बोळात गेलं की खडखड तिच्या भिंतीला,” आई म्हणाली. “ती बाधित.”

“बाधित! हा शब्द तुला कोणी शिकवला?”

“तूच की. रोज जेवताना दुसरं बोलतोस काय?”

जेवणं उरकल्यावर सुनावणी झाली. मुलगी उभी राहिली. “बाबा, त्या टेबलावर तू कधीतरी बसतोस. एरवी तिथे इस्त्रीचे कपडे बसतात.”

“अनधिकृत वापर,” बायकोने शेरा मारला.

ठराव झाला: मशीन खिडकीपाशी, टेबल गॅलरीत.

“माझा विरोध आहे!”

“नियोजकाला मत नसतं,” तिघी एका सुरात म्हणाल्या.

खात्यात ठराव आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये एक पिढी म्हातारी होते. इथे बाह्या सरसावण्यापुरताच वेळ गेला. तो गॅलरीतून ओढत होता, मायलेकी स्वयंपाकघरातून ढकलत होत्या, आई मागून हुकूम सोडत होती. टेबल दारात निम्मं गेलं आणि अडकलं. पुढे जाईना, मागे येईना! अडलेल्या म्हशीसारखं ते चारी पाय रोवून उभं राहिलं. सुताराला फोन लावला.

“टेबल कापू की चौकट?”

“दोन्ही नको हो!”

“मग मला कशाला बोलावताय? माझ्याकडे करवत आहे, मंत्र नाही. उद्या संध्याकाळी येतो, तोवर ठरवा.”

रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत आईचं मशीन खिडकीपाशी दणक्यात चालू होतं. शांत जागा एकच, गॅलरी. तो टेबलाखालून रांगत तिथे गेला, टेबलाच्या बाहेरच्या अर्ध्यावर लॅपटॉप ठेवला आणि ओल्या चादरीखाली बसून मुलाखतीला तोंड देऊ लागला.

पडद्यावर संघटनेच्या अध्यक्षबाई होत्या. त्यांनी आराखडा पाहिला, हरकती वाचल्या, शेजारणीचीसुद्धा.

“विस्थापित किती?”

“एक.”

“पुनर्वसन कुठे केलंत?”

त्याने लॅपटॉप फिरवून दारात अडकलेलं टेबल दाखवलं. नेमका तेव्हाच चादरीचा एक थेंब त्याच्या चष्म्यावर पडला.

“विस्थापिताने विरोध नाही केला?”

“केला. पण नियोजकाला मत नसतं, बाई.”

अध्यक्षबाईंनी आराखडा पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं मुलाखती घेतेय. स्वतःच्या आराखड्याखाली सापडलेला नियोजक पहिल्यांदाच पाहिला. तुम्ही सदस्य झालात! अभिनंदन!”

तो उठून उभाच राहिला. त्यामुळे ओली चादर डोक्यावरून बाजूला काढावी लागली.

“फक्त एक,” बाई पुढे म्हणाल्या. “तीन महिन्यांनी आमची समिती पाहणीला येईल. तोवर आज दाखवलेल्या मांडणीत तिळभर बदल करायचा नाही. केलात तर सदस्यत्व रद्द.”

पडदा काळा झाला. आतून आईची हाक आली.

“काय रे, झालास का सदस्य?”

“झालो!”

“मग सुताराला काय सांगू?”

त्याने टेबलाकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी चौकटीत घट्ट बसलेलं होतं, जणू सुताराने मापंच तशी घेतली होती.

“येऊ नको म्हणावं,” तो म्हणाला आणि शहराच्या नकाशांवर सही करण्याचा अधिकार मिळालेला तो माणूस गुडघे टेकून आत यायला लागला.

“डोकं सांभाळा,” बायको म्हणाली. “अजून तीन महिने वापरायचंय.”